ठोक भावाची ट्रंक : कोल्हापुरातल्या एका नाणेसंग्राहक मंडळाचं प्रकरण

संग्राहक गेल्यावर त्याच्या संग्रहाचं काय करायचं, हे बहुतेक नाणेमंडळांच्या घटनेत कुठंच लिहिलेलं नसतं. वर्गणी किती, सभा कधी, अध्यक्ष किती वर्षांसाठी, हे सगळं असतं. पण सभासद वारला, घरच्यांनी कपाट उघडलं आणि आत हजारभर नाणी निघाली, तर मंडळानं काय करायचं आणि काय करायचं नाही, याला नियम नसतो. रीत असते. कोल्हापुरातल्या एका मंडळात या रीतीवरूनच वाद पेटला. तो मिटवायला नेमलेल्या तीन जणांच्या समितीत बाहेरचा माणूस म्हणून मी होतो. कागद आणि हिशेब बघायचं काम माझ्याकडं होतं. दोन्ही बाजूंच्या संमतीनं हे लिहितो आहे. नावं दिलेली नाहीत, आणि रकमांऐवजी प्रमाण सांगितलं आहे, कारण आकडे दिले की गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, कोण कुणाबद्दल बोलतंय ते अर्ध्या तासात कळतं.

मंडळ आणि त्याचं अर्थकारण

कोल्हापुरात नाण्यांचा नाद लागायला फार लांब जावं लागत नाही. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५-४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं आणि सातवाहनकाळातलं नांदतं गाव उजेडात आलं. तिथल्या वस्तू आज टाऊन हॉलच्या संग्रहालयात बघायला मिळतात. पन्हाळा हाकेच्या अंतरावर. मराठ्यांच्या दोन गाद्यांपैकी एक इथली, त्यामुळं शिवराई हे तांब्याचं नाणं इथं काचेच्या पेटीत जाण्याआधी कित्येक पिढ्या लोकांच्या कनवटीला होतं.

पण खरं कारण गुजरी आणि जवळचं चांदीच्या कारागिरांचं गाव हुपरी. जुनी चांदी मोडीत निघते ती इथं. आजीच्या पुतळीमाळेबरोबर राणीछाप रुपये येतात, जुन्या कमरपट्ट्याबरोबर एखादी पुरचुंडी येते, आणि आटणीच्या मुशीत जाण्याआधी सराफाची नजर त्यावरून फिरते. नाद असलेला सराफ चार नाणी बाजूला काढतो आणि ओळखीच्या संग्राहकाला फोन करतो. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातले कितीतरी संग्रह असे मोडीतून उभे राहिले आहेत. त्यामुळं इथल्या मंडळात सराफ सभासद असणं स्वाभाविक, आणि त्याचा शब्द चालणंही स्वाभाविक.

मंडळ नोंदणीकृत आहे, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्रातल्या पद्धतीप्रमाणं १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही. महिन्यातून एका रविवारी सकाळी एका वाचनालयाच्या माडीवर सभा भरते. पहिला अर्धा तास कुणीतरी एकच नाणं घेऊन त्यावर बोलतो. नंतर टेबलं लागतात, अदलाबदल आणि खरेदीविक्री सुरू होते, चहा येतो. नव्या पोरांना इथंच शिकवलं जातं की मुंबई टांकसाळीची खूण हिरा, हैदराबादची तारा, नोएडाची ठिपका आणि कोलकात्याची खूणच नाही. नाण्यांची एक भिशीही आहे. दरमहा पैसे जमतात, ज्याचा नंबर लागेल त्याच्यासाठी टांकसाळीचा नवा स्मारक संच मागवतात. संच यायला महिनोन्‌महिने लागतात, त्यावरून रुसवेफुगवे होतात, पण भिशी मोडत नाही.

वर्गणीतून चहा आणि माडीचं भाडं सुटतं, एवढंच. मंडळाचा कणा म्हणजे वार्षिक प्रदर्शन. एका मोठ्या सभागृहात तीन दिवस, शाळांची रांग, आणि पुणे, बेळगाव, हुबळीहून येणाऱ्या व्यापाऱ्यांचे गाळे. गाळ्यांचं भाडं हेच मंडळाचं खरं उत्पन्न. म्हणजे संग्राहकांचं मंडळ व्यापाऱ्यांच्या पैशावर चालतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण हे कुणी उघड बोलत नव्हतं आणि पुढं जे झालं त्याचं मूळ इथं आहे.

ट्रंक कशी हलली

वारलेले सभासद निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना मास्तर म्हणत. चाळीसएक वर्षं जमवलेलं होतं. ऐन पावसाळ्यात गेले. वहिनींना नाण्यांतलं काही कळत नव्हतं, मुलगा पुण्यात नोकरीला. अध्यक्ष भेटायला गेले तेव्हा वहिनींनी कपाटाकडं हात केला, आणि अध्यक्ष भल्या मनानं म्हणाले, “त्याची काळजी करू नका, मंडळ बघेल.”

या वाक्याचा अर्थ तिघांनी तीन प्रकारे घेतला. वहिनींना वाटलं, मंडळ आपल्या बाजूनं उभं आहे. अध्यक्षांच्या मनात एवढंच होतं की कुणीतरी जाणकार पाठवू. आणि तो जाणकार, म्हणजे मंडळातले जुने, गुजरीत पेढी असलेले सराफ, यांना वाटलं की आता रीतीप्रमाणं आपण बघायचं. रीत अशी की सभासद गेला की सराफ जाऊन किंमत करायचे आणि घरच्यांना पटली तर माल स्वतःच उचलायचे. याआधीही असं झालं होतं आणि कुणी तक्रार केली नव्हती.

सराफ वजनकाटा आणि भिंग घेऊन आले. दुपारभर बसले. म्हणाले, “वहिनी, एकेक विकत बसलासा तर दोन वर्षं जातील, आणि चांगली तेवढी उचलून बाकीची तुमच्याच गळ्यात मारतील. ठोक देऊन मोकळ्या व्हा.” आकडा सांगितला. वहिनींनी मुलाला फोन केला, त्याला आकडा बराच वाटला. इसार दिला गेला आणि त्याच संध्याकाळी ट्रंक गुजरीत पोचली.

एक गोष्ट मात्र वेगळी झाली. मुलानं सहज विचारलं, काही लेखी मिळेल का? सराफांनी चिटणीसांना सांगितलं आणि चिटणीसांनी मंडळाच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या: संग्रहाची पाहणी केली, एकूण किंमत अमुक. खाली मंडळाचा शिक्का. घेणारा कोण, याचा उल्लेख नाही. समितीपुढं आलेल्या सगळ्या कागदांत हा चिटोरा सर्वांत महागात पडला.

दोन महिन्यांनी रविवारच्या टेबलावर १८६२ च्या रुपयांचा एक संच मांडला गेला. मास्तरांचा एक जुना विद्यार्थी मंडळात आहे. पाकिटावरचं अक्षर त्यानं ओळखलं. मांडलेला भाव मास्तरांच्या सगळ्या ट्रंकेच्या ठोक भावाच्या निम्म्याला भिडत होता. त्या रात्री मुलाला फोन गेला. पुढच्या आठवड्यात मंडळाच्या नावानं पत्र आलं, त्यात ‘विश्वासघात’ हा शब्द होता आणि वकिलाचं नाव होतं.

भाव कमी होता की नव्हता

याचं उत्तर नाण्यांत उतरल्याशिवाय देता येत नाही. ट्रंकेत वेगवेगळ्या प्रकारचा माल होता.

मोठा भाग ब्रिटिश अमदानीतल्या रुपयांचा. व्हिक्टोरियापासून १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी. म्हणजे आटवला तर साधारण १०.७ ग्रॅम चोख चांदी. १९४० ते ४५ चे रुपये त्याच वजनाचे पण निम्म्याच चांदीचे. १९४६-४७ चे निकेलचे. लोहचुंबक लावलं की चिकटतात, त्यात चांदी शून्य. सराफानं ढीग करताना हेच तीन भाग पाडले, चांदीचा भाव लावला, वर थोडी भर घातली. सराफ म्हणून हिशेब चोख होता.

संग्राहकाचा हिशेब वेगळा असतो, आणि तो त्या १८६२ च्या संचात दिसतो. रुपयावर १८६२ लिहिलं आहे म्हणून तो १८६२ मध्येच पाडला असं नाही. हेच साल पुढं १८७४ पर्यंत नाण्यांवर गोठवून ठेवलं होतं, आणि मुंबईच्या रुपयांवर मागच्या बाजूला सालाजवळ बारीक ठिपके वाढत गेले. ठिपक्यांवरून कोणत्या वर्षी पाडला ते ठरवतात. ठिपक्यांचे काही प्रकार बाजारात पडून असतात, काही फार शोधावे लागतात. मास्तरांनी वर्षानुवर्षं मोडीच्या ढिगात भिंग लावून हे ठिपके मोजले होते आणि रांग जवळजवळ पुरी केली होती. सुटे रुपये म्हणून त्यांची किंमत चांदीच्या आसपास. संच म्हणून कितीतरी पट. सराफांना हे कळत नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. कळलं म्हणूनच तो संच सर्वांत आधी टेबलावर आला.

दुसरा माल शिवराई नाण्यांचा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. १६७४ च्या राज्याभिषेकापासून पाडलेलं हे नाणं पुढच्या छत्रपतींनी आणि पेशवाईतही त्याच मजकुरानं चालू ठेवलं, त्यामुळं हातातली शिवराई महाराजांच्या हयातीतली की शंभर वर्षांनंतरची, हे सांगायला अक्षरांची ठेवण, ठिपक्यांची नक्षी आणि वजन बघावं लागतं. मुलाला वाटत होतं की शिवराई म्हणजे लाखाचीच. झिजलेली, साधी दुदांडी (मजकुराच्या मधे दोन रेघांची दांडी असलेली) शिवराई काही शेकड्यांत मिळते. त्यातच पाच-सहा ओतीव नकला निघाल्या: कडेला साच्याची रेघ, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खळगे, अक्षरं साबणासारखी गुळगुळीत. बोहारणीच्या हौसेनं जुनं तांबं गोळा करणाऱ्यालाही हल्ली अशा नकला भेटतात. या ढिगाला सराफांनी लावलेला भाव समितीला वाजवी वाटला, किंबहुना बरा.

आणि १९३९ चा रुपया. जॉर्ज सहाव्याचा हा रुपया दुर्मिळ आहे हे मुलानं मोबाईलवर वाचलं होतं, त्याचा सगळा राग या एका नाण्याभोवती गोळा झाला होता. सराफांनी तो चांदीच्या भावात टाकला होता. समितीनं तो बाहेरच्या दोघांना दाखवला. १९३८ च्या रुपयातला शेवटचा ८ कोरून ९ केलेला होता. भिंगाखाली धातू ढकलल्याची खूण दिसते. मास्तरांनी स्वतःच पाकिटावर प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. उलट १९११ चा एक रुपया, ज्यावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून गदारोळ होऊन पुढच्या वर्षी ठसा बदलावा लागला, तो अस्सल आणि चांगल्या स्थितीत होता. तोही चांदीच्या ढिगात गेला होता.

मोबाईलचा विषय निघालाच आहे तर सांगतो. २०१२ चं वैष्णोदेवीचं नाणं लाखांना विकलं जातं, अशा जाहिराती मुलानं आम्हाला दाखवल्या. रिझर्व्ह बँकेला २०२१ मध्ये स्वतः जाहीर करावं लागलं होतं की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात तिचा काही संबंध नाही आणि ती कुणाकडून शुल्क किंवा कमिशन मागत नाही. असल्या जाहिराती खऱ्या वादांचंही नुकसान करतात. मुलाच्या तक्रारीत तथ्य होतं, पण त्यानं ती भलत्या नाण्यांवर उभी केली होती.

समितीनं सांगली, पुणे आणि बेळगावच्या तीन जाणकारांकडून बंद पाकिटात अंदाज मागवले. अट एकच, यातलं काहीही ते विकत घेणार नाहीत. तिन्ही आकड्यांत सर्वांत वरचा सर्वांत खालच्याच्या दीडपटीला टेकला. मधला आकडा धरला तर सराफांचा ठोक भाव त्याच्या निम्म्याहून थोडा कमी. ठोक घेणारा पडून राहणारा पैसा, विकायला लागणारा वेळ आणि खोट्या मालाची जोखीम या तिन्ही गोष्टी भावातून कापतो, हे जगभर चालतं. व्यापारी म्हणून सराफांचा भाव कठोर होता, लबाड नव्हता. पण त्या कागदावर व्यापाऱ्याचं नावच नव्हतं. मंडळाचा शिक्का होता, आणि वहिनींनी शिक्क्याकडं बघून सही केली होती. माझ्या मते सगळं प्रकरण एवढ्यात आलं: भाव सांगणारा आणि माल घेणारा एकच, आणि मधे मंडळाचं नाव.

वही

ट्रंकेचा ठोक भाव करताना एका वस्तूकडं कुणी बघितलंच नाही. ती घरी राहिली होती, शाळेच्या जुन्या हजेरीपटात. मास्तरांनी प्रत्येक नाण्याला क्रमांक दिला होता आणि पुढं लिहिलं होतं: कधी घेतलं, कुणाकडून, कितीला, वजन किती, कुठलं असावं. चुकीचं निघालं तर खोडून वर दुरुस्ती. हजेरीपटाचे रकाने याला इतके फिट्ट बसले होते की हसू आलं.

नाण्याला त्याचा ठावठिकाणा माहीत असेल तर अभ्यासकाच्या लेखी त्याचं मोल वाढतं, आणि आता लिलावातही वाढतं. हे सर्वांत ठळक दिसलं ते शिशाच्या नाण्यांत. मास्तरांकडं कुर राजांची, म्हणजे सातवाहनकाळात कोल्हापूरच्या भागात राज्य केलेल्या घराण्याची, काही नाणी होती. एका बाजूला धनुष्यबाण, दुसरीकडं टेकडीसारखी चैत्याची आकृती आणि झाड. वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र शिवलकुर, गौतमीपुत्र विळिवायकुर, ही तीन नावं कुठल्या पुराणात नाहीत. ती आपल्याला मुख्यतः कोल्हापूरच्या परिसरात मिळालेल्या नाण्यांमुळं माहीत झाली. दुसऱ्या शतकातला ग्रीक भूगोलकार टॉलेमी यानं ‘बालेओकुरोस’ नावाच्या राजाचा उल्लेख केला आहे, तो विळिवायकुर असावा असं बरेच अभ्यासक मानतात. आणि या तिघांचा क्रम कसा ठरला? नंतरच्या राजानं आधीच्याचं नाणं घेऊन त्यावरच आपला ठसा मारला. खालचं नाव पुरतं मिटलेलं नाही अशी नाणी मिळाली, त्यावरून कोण आधी आणि कोण नंतर ते कळलं.

मास्तरांकडं असं एक दुहेरी ठशाचं नाणं होतं. अक्षरं एकमेकांत गेलेली, कड फुटलेली. सराफांच्या यादीत ते ‘शिसे, खराब’ या सदरात वजनावर गेलं होतं. वहीत मात्र त्यावर अर्धं पान होतं.

शिशाच्या नाण्यांची तब्येतही बिघडली होती. लाकडी कपाटात, पुठ्ठ्याच्या डब्यात वर्षानुवर्षं ठेवली की लाकूड आणि पुठ्ठ्यातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेनं शिशावर पांढरी भुकटी धरते, आणि ती नाणं खात जाते. ही भुकटी विषारी असते, फुंकर मारून उडवायची नाही. तांब्याची नाणी मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटात होती, त्यातल्या काहींवर हिरवा चिकट थर आला होता. घरातल्या कुणीतरी दोन शिवराया चिंचेनं घासून लख्ख केल्या होत्या. त्या आता नव्या कोऱ्या दिसतात आणि कुणी घेत नाही.

वहीनं भाव वाढवला तसा पेचही वाढवला. काही नोंदी अशा होत्या: पावसानंतर ब्रह्मपुरीच्या पांढरीत (जुन्या वस्तीच्या मातीत) पोरांना मिळालं, त्यांच्याकडून घेतलं. एका गावच्या शेतात नांगराच्या तासात गाडगं फुटलं, त्यातली सात घेतली. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू मिळाली तर मिळणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ती घेता येते. दहा रुपयांची मर्यादा आजही तीच आहे, आणि शेतकरी कळवत का नाही याचं अर्धं उत्तर त्या ‘धातूची किंमत अधिक पाचवा हिस्सा’ या हिशेबात आहे. तांब्याच्या शिवरायांचं गाडगं सापडलं तर त्याच्या हाती काय पडणार?

समितीच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदानं सुचवलं की ती चार पानं काढून टाकावीत, म्हणजे सगळ्यांचीच सुटका. सूचना वाईट हेतूनं नव्हती; वहिनींच्या दारात उगाच चौकशी नको, एवढंच त्यांच्या मनात होतं. मी विरोध केला. पानं फाडली की त्या नाण्यांचं गाव कायमचं जातं, आणि उद्या कुणी विचारलंच तर फाडलेली पानं जास्त बोलतात. अखेर वकिलांच्या सल्ल्यानं जमिनीतून आल्याची नोंद असलेली नाणी वेगळी काढली. ती विकायची नाहीत, यादी आणि फोटोंसह संबंधित कार्यालयाला पत्र द्यायचं, असं ठरलं.

मुलाचा आणखी एक विचार होता: ओळखीतून लंडनच्या लिलावात पाठवावं. तो तिथंच थांबवला. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणं शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही.

तडजोड आणि सभा

सराफांशी बोलणं सोपं गेलं नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं: रोख दिले, घरच्यांनी राजीखुशीनं घेतले, व्यवहार झाला. शिवाय प्रदर्शनाचा तोटा आला त्या वर्षी खिशातून कुणी घातला होता, हेही त्यांनी विचारलं, आणि त्याला उत्तर नव्हतं. घातला त्यांनीच होता. पण इसार दिला होता, पूर्ण रक्कम द्यायची बाकी होती, आणि लेटरहेडचा कागद समोर ठेवला तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी ट्रंक परत आली, इसार परत गेला. मधल्या काळात विकलेल्या थोड्या नाण्यांची रक्कम दहा टक्के कापून त्यांनी वहिनींना दिली. माफीचा शब्द कुणी कुणाला म्हटला नाही.

ट्रंक मग तीन वाटांनी गेली. १८६२ चा संच, १९११ चा रुपया आणि निवडक शिवराया मुंबईच्या एका लिलावात. साधे रुपये आणि बाकीचं तांबं मंडळाच्या दोन रविवारच्या लिलावांत, किमान बोली लावून, पाच टक्के मंडळाला, प्रत्येक बोलीची पावती. नकला आणि तो कोरीव १९३९ वहिनींनी मंडळाला शिकवण्यासाठी दिला. आता नव्या सभासदाच्या हातात पहिल्यांदा तोच ठेवतात. शिशाची नाणी आणि वही घरीच राहिली. वहीच्या दोन प्रती काढल्या, एक मंडळाकडं.

सगळं विकून, लिलावाचं कमिशन, विमा, कुरियर वजा जाता घरच्यांच्या हातात सराफांच्या ठोक भावाच्या पावणेदोनपट रक्कम आली. वर्षापेक्षा जास्त वेळ लागला. मुलाला तिप्पट-चौपटीची आशा होती. वहिनींना लागलीच पैशाची गरज असती तर ठोक भाव घेणंच शहाणपणाचं ठरलं असतं, असं मला आजही वाटतं. फक्त ‘मी घेतो आहे’ हे घेणाऱ्यानं त्यांना लेखी सांगायला हवं होतं.

नियमावली बदलायला खास सर्वसाधारण सभा बोलावली. मसुदा आम्हीच केला होता. मंडळाच्या लेटरहेडवर कुणाच्याही संग्रहाची किंमत लिहायची नाही. घरच्यांना किमान दोन लेखी अंदाज द्यायचे, आणि अंदाज देणाऱ्यानं पुढचं एक वर्ष त्यातलं काही घ्यायचं नाही. फोटोसह यादी झाल्याशिवाय नाणं घराबाहेर हलवायचं नाही. ठोक विकायचं असेल तर घरच्यांनी खुशाल विकावं, पण घेणाऱ्याचं नाव आणि ‘हा खरेदीदार आहे, सल्लागार नाही’ एवढं एक वाक्य कागदावर असावं.

सभा वादळी झाली. तरुण मंडळी मसुद्याच्या बाजूनं होती, टेबल मांडणारे विरोधात. एकानं विचारलेला प्रश्न खरा होता: “एक वर्ष घ्यायचं नाही म्हटल्यावर अंदाज द्यायला येणार कोण? फुकट दुपार घालवायला कोण रिकामा बसलाय?” यावर अंदाज देणाऱ्याला ठरावीक मानधन देण्याचं कलम तिथल्या तिथं घातलं गेलं. मानधन घरच्यांनी द्यायचं की मंडळानं, यावर आणखी तासभर गेला. निम्मं-निम्मं ठरलं. ठराव बहुमतानं झाला. एकमतानं नाही, आणि कार्यवृत्तात विरोधकांची मतं लिहून ठेवली आहेत.

किंमत मंडळानंही मोजली. सराफ आणि त्यांच्याबरोबर चार-पाच जण रविवारी यायचे बंद झाले. त्यांच्याच ओळखीनं येणारे बाहेरगावचे व्यापारी त्या वर्षी प्रदर्शनाला आले नाहीत, गाळे रिकामे राहिले, तीन दिवसांचं प्रदर्शन दोन दिवसांवर आलं. मोडीतून येणारा मालही आटला, कारण फोन करणारी माणसं तीच होती. नियम चांगले झाले पण टेबलं ओकी पडली, असं जुने सभासद म्हणतात, आणि ते चूक नाही. दुसऱ्या बाजूनं, त्यानंतर दोन घरांनी आपणहून मंडळाला बोलावलं. एका घरी यादी करून झाल्यावर वारसांनी काहीच विकायचं नाही असं ठरवलं.

जमिनीतून आलेल्या नाण्यांबद्दलचं पत्र गेलं आहे, पोच आली आहे, पाहणी व्हायची आहे. सराफांनी यंदा वर्गणी भरली, पण खजिनदाराकडं माणूस पाठवून. पुढच्या वार्षिक सभेपुढं एक दुरुस्ती येणार आहे: वर्षभराची बंदी अंदाज देणाऱ्याच्या भावाला, पुतण्याला आणि पेढीतल्या भागीदारालाही लागू करायची का. गुजरीत एकत्र कुटुंबाची पेढी असताना ही रेघ कुठं ओढायची, यावर मसुदा समितीचे तिघं अजून एका मताचे नाहीत.